हुकूम आणि नकार

दलित साहित्याच्या चर्चेत 'नकार' हा शब्द आता इतका रुळला आहे की तो उच्चारताना आपण थांबत नाही. वेदना, विद्रोह, नकार असा क्रम विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही बिनचूक उतरतो. पण नकार कोणाला, कशाला, आणि तो देणाऱ्याने कोणती किंमत मोजायची, हे प्रश्न विचारले की चर्चा सैल होते. नकार हा शेवटी हुकुमाला दिलेला असतो. समोर हुकूम देणारा कोणी नसेल तर नकार ही नुसती भाषा राहते. म्हणून जिथे हुकूम सर्वांत कडक आणि सर्वांत उघडा असतो तिथे, म्हणजे सैन्यात आणि सशस्त्र पोलीस दलात, आपल्या या शब्दाची परीक्षा घेतली पाहिजे असे मला वाटते. बेकायदेशीर हुकूम मिळाला तर शिपायाने तो पाळावा की नाकारावा? हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकातला आहे, तसा तो आपल्या साहित्याचा आहे आणि आपल्या घरचाही आहे.

घरचा असे मी जाणूनबुजून म्हणतो. मी लांज्याला शिकवतो. पहाटे मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेने धावणारी मुले इथे रोज दिसतात. त्यांत भांबेडकडची असतात, साटवलीकडची असतात आणि बौद्धवाड्यांतली तर असतातच. एकेकाळी ही मुले गिरणीत आणि गोदीत गेली. गिरण्या संपल्या. आता पोलीस भरती, राज्य राखीव दल, निमलष्करी दले आणि सैन्य एवढेच दरवाजे त्यांना दिसतात. आमच्या अभ्यासवर्गात महाडच्या सत्याग्रहावर बोलणे चालले असताना अशाच एका मुलाने मला विचारले, "सर, मी भरतीला उतरणार आहे. उद्या 'गोळी चालव' म्हणाले आणि पुढ्यात आपलीच वाडी असली, तर मी काय करायचं?" वर्गात कोणी हसले नाही. त्याला भाषण नको होते, उत्तर हवे होते. ते उत्तर आपल्या साहित्यात आहे का, हे मी पाहू लागलो.

आपल्या लेखनात आणि गाण्यांत शिपाई मला तीन रूपांत भेटतो. पहिला कोरेगावचा वीर. १ जानेवारी १८१८ च्या त्या लढाईचा स्तंभ, १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेबांनी तिथे दिलेली भेट आणि त्यानंतर दरवर्षी तिथे जमणारा समाज, या सगळ्यांतून तो उभा राहिला. दुसरा पेन्शनर सुभेदार. पलटणीच्या शाळेत अक्षर शिकलेला आणि ते अक्षर घरी आणणारा बाप. आमच्या जिल्ह्याला या रूपाचे अप्रूप असणे स्वाभाविक आहे, कारण मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ हेच त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. तिसरा खाकीतला शत्रू. वस्तीत शिरून लाठी चालवणारा, फिर्याद न घेणारा, गोळी घालणारा. ही तिन्ही रूपे खरी आहेत. पण चौथे रूप माझ्या वाचनात कुठे ठळकपणे आले नाही. ते आहे आपल्याच घरातला पोरगा, अंगावर वर्दी, हातात बंदूक, आणि मागून आलेला हुकूम. त्याच्या मनात त्या क्षणी काय चालते? गोळी झेलणाऱ्याचे साहित्य आपण लिहिले. ज्याला गोळी चालवायला सांगितले जाते त्याचे साहित्य अजून लिहायचे राहिले आहे. ही उणीव विषयाच्या निवडीपुरती नाही. नकाराचा अर्थ आपण अर्धाच शोधला, असे ती सांगते.

आता हुकुमाकडे वळू. गावगाड्यातला हुकूम आपल्या आत्मकथनांनी फार बारकाईने टिपला आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' १९८१ साली. तराळकी म्हणजे काय, तर दुसऱ्याचा हुकूम पोचवत आणि पाळत पळणे. खरातांनी विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग सांगितला आहे. विहिरीत साप आहे आणि तरीही आत उतरून प्रेत काढण्याचे काम त्यांच्या वडिलांच्या वाट्याला येते. हा हुकूम कोणत्या कायद्याखाली दिला गेला, असे तिथे कोणी विचारत नाही. विचारण्याची सोयच नाही. गावगाड्यात हुकूम जन्मातून येतो आणि जन्माला कायदेशीर-बेकायदेशीर असे काही नसते. कोकणात खोताचा शब्द असाच चालत असे. वेठीला ये म्हटले की यायचे. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. जमिनीच्या प्रश्नाबरोबर तो तोंडी हुकुमाच्या राज्याविरुद्धचाही मोर्चा होता.

या पार्श्वभूमीवर पलटणीचा अर्थ वेगळा दिसतो. आमच्या पणजोबांना पलटण का जवळची वाटली? पोट हे कारण होतेच. पण पलटणीत हुकूम हुद्द्यातून येत होता, जन्मातून नव्हे, हेही कारण होते. हुद्दा कष्टाने मिळवता येत होता. तिथे नियमांचे पुस्तक होते, गुन्ह्याला कलम होते, शिक्षेला मोजमाप होते. पायरी ओलांडणाऱ्या साहेबालाही निदान कागदावर तरी जाब विचारता येत होता. गावात जो हुकूम अमर्याद होता, त्याला पलटणीत हद्द होती. सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी लेखणी हातात धरली, ती या हद्दीची ओळख असलेल्या हाताने.

पण या जवळिकीची दुसरी बाजू आपण झाकून ठेवू नये. १८९० नंतरच्या काळात इंग्रजांनी 'लढाऊ जाती' नावाचा सिद्धान्त काढला आणि महारांची भरती बंद केली. वलंगकरांनी १८९४ साली विनंतीपत्र तयार केले. रामजी सुभेदारांनी न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने अर्ज करण्याची खटपट केली. पूर्वजांनी किती इमानाने सेवा केली, किती रक्त सांडले, याची याद त्यांनी सरकारला दिली. सरकार हलले नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज लागली, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. या इतिहासातून मी एकच गोष्ट घेतो. हुकूम मुकाट पाळल्याने हक्क मिळत नाहीत. आज्ञाधारकपणा गरज असेपर्यंत वापरला जातो आणि गरज संपली की विसरला जातो.

मग बाबासाहेबांनी हुकुमाचा प्रश्न कसा सोडवला? त्यासाठी डिसेंबर १९२७ चे महाड नीट वाचले पाहिजे. मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले होते. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. हजारो माणसे आली. आणि दिवाणी न्यायालयाने तात्पुरती मनाई दिली. माणसे तळ्यावर जायला उतावीळ होती, तरी बाबासाहेबांनी पाण्याचा सत्याग्रह तहकूब केला. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्यात आली. दोन हुकूम समोर होते. न्यायालयाचा हुकूम चुकीचा असला तरी त्याच्याविरुद्ध दाद मागण्याची वाट होती. ती वाट शेवटपर्यंत चालून मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात तळ्याचा खटला जिंकण्यात आला. मनुस्मृतीच्या हुकुमाविरुद्ध अपील करायला न्यायालयच नव्हते. एक हुकूम पाळला, दुसरा जाळला. हे कृत्य एकाच विवेकाचे आहे. हुकूम आला की आधी त्याचा उगम आणि त्याची हद्द तपासायची, मग मान तुकवायची की नाही ते ठरवायचे. आपल्या परंपरेतला नकार हा असा निवाडा करणारा नकार आहे. तो आंधळ्या आज्ञापालनापासून जितका लांब आहे तितकाच नुसत्या बेबंदपणापासूनही लांब आहे.

हा निवाडा वर्दीतल्या माणसाला करता येतो का? कायदा काय म्हणतो ते पाहू. साहित्याचे वाचन शब्दाशब्दाने करायला आपण शिकलो आहोत, तसेच कायद्याचेही करावे. भूदल अधिनियम, १९५० चे कलम ४१ वरिष्ठाच्या आज्ञाभंगाबद्दल आहे. वरिष्ठाने समक्ष दिलेला हुकूम उद्दामपणे मोडणाऱ्याला चौदा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात आहे. पण कोणता हुकूम? त्या कलमात हुकुमाच्या आधी एक विशेषण आहे, 'कायदेशीर'. कायदेशीर हुकूम मोडणे हा गुन्हा आहे. याचा सरळ अर्थ असा की बेकायदेशीर हुकूम मोडणे हा त्या कलमाखाली गुन्हाच होत नाही. गावगाड्याच्या हुकुमाला हे विशेषण कधी नव्हते. आपल्या दृष्टीने सैन्य आणि गावगाडा यांतला फरक या एका शब्दात आहे.

दुसरे वाचन भारतीय दंडसंहितेच्या कलम ७६ चे. १८६० पासून त्यात एक उदाहरण होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ मध्येही ते राहिले आहे. एक सैनिक वरिष्ठाच्या हुकुमावरून जमावावर गोळी झाडतो, त्याने गुन्हा केलेला नाही. हे उदाहरण लोक एवढेच सांगतात आणि थांबतात. मूळ वाक्यात आणखी एक अट आहे. हुकूम कायद्याच्या आदेशाला धरून असला पाहिजे. ही अट गाळून उदाहरण सांगितले की कायद्याचा अर्थच उलटा होतो. जमाव पांगवण्यासाठी सैन्य बोलावण्याची तरतूदही तशीच आहे. कमीत कमी बळ वापरा, माणसांना आणि मालमत्तेला कमीत कमी इजा करा, असे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १३० मध्ये होते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४९ मध्ये आहे. सैनिकाची शपथही आधी संविधानाची निष्ठा घेते, मग वरिष्ठांची आज्ञा मानण्याचे वचन देते. हा क्रम उगाच नाही.

तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे कागदावरचे उत्तर असे आहे : उघड बेकायदेशीर हुकूम पाळण्याचे बंधन तुझ्यावर नाही. तो पाळलास तर 'वरून हुकूम होता' एवढे म्हणून तू सुटत नाहीस. जगाच्या कायद्यानेही हेच मानले. न्यूरेंबर्गच्या खटल्यांनंतर १९५० साली आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने जी तत्त्वे मांडली, त्यांत नैतिक निवडीला वाव असेल तर वरिष्ठाचा हुकूम जबाबदारीतून सोडवत नाही, असे एक तत्त्व आहे. पण कोणता हुकूम उघड बेकायदेशीर? शिपायाने दर वेळी वकील होऊन विचार करायचा का? याला एक चांगले उत्तर इस्रायलच्या एका न्यायालयाने १९५८ साली दिले. २९ ऑक्टोबर १९५६ ला कफर कासिम या अरब गावाची माणसे कामावरून परतत होती. त्यांना ठाऊक नसलेली संचारबंदी मोडली म्हणून त्यांतल्या चाळीसहून अधिक जणांना सीमा पोलिसांनी ठार केले. न्यायालयाने म्हटले की काही हुकुमांवर जणू काळे निशाण फडकत असते. ते दिसायला कायदेपंडित असावे लागत नाही, डोळे आणि काळीज असले की पुरे. त्याच दिवशी तोच हुकूम मिळालेल्या काही तुकड्यांनी गोळी न झाडता माणसांना घरी जाऊ दिले होते. नकार शक्य होता याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता? दोषी ठरलेल्यांच्या शिक्षा मात्र कमी होत गेल्या आणि १९६० पर्यंत ते सगळे बाहेर आले. तत्त्व उंच आणि शिक्षा हलकी, हा अनुभव आपल्याला परका नाही.

आता कागदाची दुसरी बाजू. नकार देणाऱ्याला कायदा तात्काळ गाठतो. हुकूम बेकायदेशीर होता की नाही हे नंतर ठरणार, आणि ते आधी ठरवणार लष्करी न्यायालय, म्हणजे वरिष्ठच. तोवर तो कोठडीत. अनेकांनी मिळून नकार दिला तर त्याला बंड म्हणण्याची वाट त्याच अधिनियमाच्या कलम ३७ ने मोकळी ठेवली आहे आणि ती मृत्युदंडापर्यंत जाते. म्हणजे नकार देणाऱ्याने एकट्याने उभे राहायचे. उलट बेकायदेशीर हुकूम पाळणाऱ्याला काय होते? सशस्त्र दले विशेषाधिकार अधिनियम, १९५८ च्या कलम ६ प्रमाणे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय त्याच्यावर खटलाच भरता येत नाही. जमाव पांगवण्याच्या बाबतीतही मंजुरीचे असेच कवच आहे. मणिपूरमधल्या बनावट चकमकींच्या प्रकरणात ८ जुलै २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशांत प्रदेशातही जवानाला सरसकट अभय नाही. ते योग्यच झाले. पण तराजूची दांडी अजून तिरपी आहे. चुकीच्या नकाराची शिक्षा लगेच, चुकीच्या आज्ञापालनाला परवानगीची भिंत. अशा तराजूत गरिबाचा पोरगा कोणते पारडे निवडेल हे सांगायला नको.

महाराष्ट्रात या तराजूचे वजन आपण आपल्या अंगावर मोजले आहे. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. माणसे रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि उपनिरीक्षक मनोहर कदम याच्या हुकुमावरून गोळीबार झाला. दहा माणसे मेली. १५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे समर्थन पुढे आले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. मे २००९ मध्ये सत्र न्यायालयाने कदम याला जन्मठेप सुनावली आणि पुढे उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. या घटनेवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, गायले गेले, आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' या चित्रपटाचा आरंभही तिथूनच आहे. हुकूम देणाऱ्यावर सगळ्यांचे लक्ष गेले आणि ते जायलाच हवे होते. पण बंदुका एका माणसाच्या हातात नव्हत्या. चाप ओढणारी बोटे अनेक होती. त्यांतल्या एकानेही 'साहेब, हे चुकतंय' असे म्हटले असते तर? त्याला असे म्हणता येते, हे त्याला कोणत्या प्रशिक्षण केंद्रात शिकवले होते? राखीव पोलिसाचा कायदा भूदल अधिनियमाहून वेगळा आहे, पण चापावरच्या बोटाचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

जालियनवाला बाग आठवावी. १३ एप्रिल १९१९ ला डायरच्या हुकुमावरून पन्नास शिपायांनी १६५० फैरी झाडल्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसे मेली. डायरचे नाव शाळेतल्या पोराला पाठ आहे. ते पन्नास शिपाई याच उपखंडातले होते, आणि त्यांच्या मनाचा इतिहास कोणी लिहिला नाही. याच्या उलट उदाहरण पेशावरचे. एप्रिल १९३० मध्ये रॉयल गढवाल रायफल्सच्या शिपायांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी चालवायला नकार दिला. हवालदार चंद्रसिंग गढवालींना जन्मठेप झाली. ते १९४१ साली सुटले.

इथे एक गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. गढवाली शिपायांच्या या नकाराचे गांधीजींनी समर्थन केले नाही. एका फ्रेंच पत्रकाराला उत्तर देताना त्यांनी म्हटले की गोळी चालवण्याचा हुकूम मोडणारा सैनिक आपली शपथ मोडतो, आणि उद्या आपले राज्य आले तर हेच सैनिक आपलाही हुकूम मोडतील. म्हणजे सविनय कायदेभंग सांगणारा नेता शिपायाला मात्र आज्ञापालन सांगतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात याच्या उलट टोकाने सुरुवात केली. सनदशीर मार्ग उपलब्ध असताना कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हे मार्ग सोडले पाहिजेत, त्यांना त्यांनी अराजकाचे व्याकरण म्हटले. मग कोणी म्हणेल, बाबासाहेबांचे अनुयायी शिपायाच्या नकाराची बाजू कशी घेतात? हा आक्षेप वरवरचा आहे. सत्याग्रही कायदा मोडतो आणि त्याची शिक्षा मागून घेतो. बेकायदेशीर हुकूम नाकारणारा शिपाई कायदा मोडतच नाही. तो कायदा पाळतो, आणि मोडतो तो हुकूम देणारा. गांधीजींची भीती अशी की शिपाई राज्यकर्त्याचा राहणार नाही. बाबासाहेबांच्या विचाराप्रमाणे शिपाई राज्यकर्त्याचा नसतोच, तो संविधानाचा असतो. कोणाच्याही राज्यात लागू होणारे हे उत्तर आहे, आपल्या माणसांच्या राज्यातही.

म्हणूनच नकार आणि बंड यांची गल्लत करू नये. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नौदल केंद्रातून नाविकांचा उठाव सुरू झाला. निकृष्ट अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ, वर्णभेद ही त्याची कारणे होती, आणि इंडोनेशियात वापरलेल्या हिंदी फौजा परत आणा ही त्यांची एक मागणी होती. मुंबईच्या कामगारांनी त्यांना साथ दिली आणि गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मेले. त्या उठावाचे मोल मोठे आहे. पण तो परकीय सत्तेविरुद्धचा उठाव होता, आणि मी ज्याची बाजू मांडतो तो नकार प्रजासत्ताकाच्या कायद्याच्या आतला आहे. सगळी पलटण खाली बसावी असे त्यात नाही. निःशस्त्र माणसावर, पकडलेल्या माणसावर, बाईवर, मुलावर बंदूक रोखण्याचा हुकूम आला तर ती रोखायची नाही, एवढेच त्यात आहे.

शिस्तीचे काय, असा प्रश्न येणारच. सीमेवर जवान प्रत्येक हुकुमावर चर्चा करू लागला तर सैन्य उरेल का? नाही उरणार. म्हणून कठीण, धोक्याचा, न पटणारा हुकूमही पाळलाच पाहिजे. तुकडीला पुढे जा म्हणणारा हुकूम जिवावर उदार करणारा असला तरी कायदेशीर असतो. काळे निशाण अशा हुकुमावर नसते. ते ज्यांच्यावर असते असे हुकूम थोडे असतात आणि ते बहुधा शत्रूच्या सैन्यासमोर दिले जात नाहीत. ते वस्तीत, मोर्चासमोर, कोठडीत दिले जातात. आणि समोर बहुतेक वेळा दलित, आदिवासी, मुसलमान किंवा सीमेवरचा गरीब असतो.

यात जातीची गाठ आणखी घट्ट आहे. उच्चवर्णीय अधिकाऱ्याने नकार दिला तर त्याला सदसद्विवेक म्हणतील. आपल्या पोराने दिला तर 'जातीवर गेला' म्हणतील. त्याच्या नकारामागे न्याय आहे हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर दुप्पट पडतो. त्यात नोकरीचे स्वरूप बदलले आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेत भरती होणाऱ्याला चार वर्षे मिळतात आणि त्यांतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे ठेवले जाते. ज्याला चौथ्या वर्षी आपण राहणार की जाणार हे माहीत नाही, तो वरिष्ठाच्या डोळ्याला डोळा देऊन 'नाही' कसे म्हणेल? त्याच्या घरी कौलांचे हप्ते, बहिणीचे शिक्षण, आईचे औषध असते. त्याला नुसते 'क्रांतिकारक हो' असे सांगणारे साहित्य त्याच्या उपयोगाचे नाही.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. प्रत्येक प्रशिक्षण केंद्रात बेकायदेशीर हुकूम म्हणजे काय आणि तो नाकारण्याचा हक्क कोणत्या शब्दावर उभा आहे, हे जवानाला त्याच्या भाषेत शिकवले गेले पाहिजे. संशयास्पद हुकूम देणाऱ्याला तो आपल्या नावावर नोंदवण्याचे बंधन हवे. नकार देणाऱ्याची चौकशी त्याच तुकडीबाहेरच्या, शक्य तर नागरी, न्यायाधीशासमोर व्हावी. खटल्याच्या परवानगीची अट काढावी किंवा निदान तिला मुदत घालावी. यातली एकही मागणी सैन्याच्या विरोधी नाही. गुन्ह्यासाठी वापरल्या जाण्यापासून सैनिकाला वाचवण्याच्या या मागण्या आहेत.

आणि साहित्याकडून? कोरेगावच्या स्तंभाचा अभिमान आपण ठेवू, पण त्या अभिमानात शौर्याबरोबर विवेकही मोजू. पेशवाईचा हुकूम आपल्या पूर्वजांनी नाकारला म्हणून ते शूर, हा अर्थ आपण त्या स्तंभाला दिला आहे. हाच अर्थ आजच्या वर्दीपर्यंत आणला पाहिजे. आपल्या लेखकांनी बरॅकमध्ये जावे, निवृत्त जवानांशी बोलावे, त्यांनी पाळलेल्या आणि चुकवलेल्या हुकुमांच्या गोष्टी ऐकाव्यात. पुष्कळांनी गुपचूप नकार दिलेला असतो. कोणी हवेत गोळी झाडतो, कोणी पळणाऱ्याला दिसला नाही म्हणून सोडून देतो. या नकाराला नाव नाही, नोंद नाही, पदक नाही. तो शब्दांत आला पाहिजे.

लांज्याच्या त्या मुलाला मी कलम ४१ वाचून दाखवले आणि 'कायदेशीर' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढून दिली. पुस्तक त्याने घरी नेले. त्याचा मामा राखीव दलातून निवृत्त झालेला आहे. चार दिवसांनी निरोप आला की मामाला ते कलम पुन्हा वाचायचे आहे, पुस्तक आणखी थोडे दिवस राहू दे.